चपलांपाशी ठेवलेलं संविधान

बिद्री,
४ डिसेंबर २०२४

प्रिय स्नेहल,

तुझे फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. रागावली असशील. पण माझा फोन या घरात गल्लीतल्या नळासारखा आहे, येईल तो वापरतो. त्यात व्हॉट्सॲपवर लिहावं तर स्क्रीनशॉट आधी फिरतो आणि निरोप नंतर पोचतो. म्हणून हे पत्र. शिवानी, माझी पुतणी, तुझ्याच वर्गात आहे. तिच्या हाती बंद पाकीट पाठवते. तूही उत्तर तिच्याकडेच दे.

तुझ्याविरुद्ध तक्रार झाली आहे हे तुला कळलंच असेल. ती माझ्या सासऱ्यांनी, हंबीररावांनी केली हे कळलंय का? ते तुझ्या संस्थेचे संचालक, तू आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी. गावातल्या वीस-पंचवीस जणांच्या सह्या घेतल्यात. ‘विशिष्ट समाजाच्या प्राध्यापिकेने वर्गात जातीय तेढ पसरवली’ असं लिहिलंय. म्हणे तू राज्यघटनेच्या तासाला म्हणालीस, ‘मराठ्यांच्या घरात पोरीला साडीचोळी दिली की तिची वाटणी झाली, आणि संविधान दाराबाहेर, चपलांपाशी.’

स्नेहल, रागाच्या भरात तोंडातून जातं माणसाच्या. मी समजू शकते. मामंजी मनाचे वाईट नाहीत, पण संस्थेची निवडणूक तोंडावर आहे आणि लोक त्यांना विचारतात, तुमच्या संस्थेत हे चालतं कसं? तू दोन ओळींची माफी लिहून दे. नाहीतर जानेवारीपासून तुझे तास बंद करतील. घरी आई आहे, तिची औषधं आहेत. कुठे जाशील?

बाकी इकडे ठीक. शिवानीला पुढच्या वर्षी कॉलेजात ठेवायचं की स्थळं बघायची यावर रोज जेवताना वाद असतो. मी संक्रांतीच्या आत आजऱ्याला जाऊन येणार आहे. सयाजीदादाने हक्कसोडीचा कागद तयार ठेवलाय, माहेरच्या जमिनीवरचा माझा हक्क त्याच्या नावे सोडल्याचा. त्या निमित्ताने दोन दिवस माहेर होईल. येताना वाट वाकडी करून कोल्हापुरात उतरीन, रंकाळ्यावर भेळ खाऊ.

तुझी,
अनु

*

कोल्हापूर,
८ डिसेंबर

प्रिय अनु,

सप्रेम जयभीम.

पाकीट मिळालं. शिवानीने ते वर्ग सुटल्यावर टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

आधी तुला सांगते, वर्गात चाललं काय होतं. राज्यघटनेचा इतिहास म्हणजे आमच्याकडे अध्यक्ष कोण, समित्या किती, अंमल कधीपासून. पाठ करायचं, पेपरात ओतायचं, विसरायचं. हा पेपर मला का मिळाला माहीत आहे? विभागप्रमुख म्हणाले, ‘हा तर तुमचाच विषय.’ शिवकाल त्यांचा, युरोप दुसऱ्या सरांचा, संविधान माझं. सव्वीस नोव्हेंबरला हार आणायला मी, उद्देशिका वाचायला मी आणि फोटोत कडेला मी. जणू घटना फक्त आमच्या वस्तीसाठी लिहिली आणि बाकीच्यांना सुट्टीपुरती दिली.

यंदा मी वर्गातच सभा भरवली. संविधान सभेत पंधरा बायका होत्या आणि त्यांत दलित बाई एकच, दाक्षायणी वेलायुधन. वर्गात एकालाही नाव ठाऊक नव्हतं. मी सदस्यांच्या चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या डब्यात टाकल्या. नियम एकच, जी चिठ्ठी येईल तिची बाजू मांडायची, बदलून मिळणार नाही. दाक्षायणीबाई आर्यनच्या वाट्याला आल्या. तोच, ज्याच्या बुलेटचा आवाज स्टाफरूमपर्यंत येतो. आमच्या वस्तीतला संघर्ष नावाचा मुलगा झाला संस्थानिकांचा प्रतिनिधी. पोरं पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी आर्यन लायब्ररीत बसलेला दिसला, तेव्हा मात्र मला आठ वर्षांत पहिल्यांदा आपण शिक्षक आहोत असं वाटलं.

मग हिंदू कोड बिलाची चर्चा ठेवली. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा द्यावा की नाही. त्या तासाचं ते वाक्य आहे. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. कॉलेजला नाही, तुलाही नाही.

माफीही लिहून देणार नाही.

आणि एक. हक्क सोडायला निघालीस आणि लिहितेस ‘त्या निमित्ताने माहेर’. एमएला तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, अनु. वादविवादाची ढाल दर वर्षी आपल्या खोलीत तूच आणायचीस.

स्नेहल

*

बिद्री,
१२ डिसेंबर

प्रिय स्नेहल,

टोमणा पोचला. माझ्या भावाचा आणि माझा व्यवहार तुझ्या पेपरात येत नाही, तो तिथे आणू नकोस.

तू ते वाक्य बोलली नसतीस तर ‘नाही बोलले’ एवढे दोन शब्द लिहायला काय हरकत होती? लिहिले नाहीस. म्हणजे बोललीस. ठीक आहे. पण मग ऐकून घे, मला ते लागलं. मी त्याच घरात नऊ वर्षं नांदतेय. तू इथे आलीस तेव्हा सासूबाईंनी, बनाबाईंनी, तुला पंगतीत माझ्या शेजारी बसवून जेवू घातलं होतं. विसरलीस? एका वाक्यात सगळ्यांना एका दावणीला बांधायचं, हे तू दुसऱ्या कुणाचं ऐकून घेतलं असतंस का?

तरी मी तुझंच बघतेय. मजकूर मीच करून देते. तू फक्त सही कर.

‘माझ्याकडून अनवधानाने झालेल्या विधानामुळे समाजबांधवांच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास मी दिलगिरी व्यक्त करते. यापुढे अध्यापन पाठ्यपुस्तकाच्या मर्यादेतच करीन.’

शिवानीकडे दे. बाकी मी बघते. जानेवारीतही तुझे तास तुझ्याकडेच राहतील, हा माझा शब्द. हट्ट सोड बाई. गेली आठ वर्षं धरून ठेवलेली नोकरी एका वाक्यासाठी घालवू नकोस.

अनु

*

कोल्हापूर,
१६ डिसेंबर

अनुजा,

‘बाकी मी बघते’ म्हणजे काय ते आज कळलं. चौकशी समितीची नोटीस हातात आहे. अध्यक्ष बाबासो सर, माजी प्राचार्य. मागासवर्गीय प्रतिनिधी आकारामभाऊ, ऑफिसातले. महिला प्रतिनिधी सौ. अनुजा विश्वजित, मु. पो. बिद्री. सुनावणी तेवीसला.

एक बाई लागते म्हणून तू आणि एक आमच्यातला लागतो म्हणून आकारामभाऊ. छान निवडलेत. दोघंही वर मान करून बोलणारी नाहीत याची खात्री करूनच निवडलेत.

माझा न्याय करायला बसणार होतीस आणि मैत्रीण म्हणून मला माफी शिकवत होतीस. मजकूर तुझ्या हातचा आहे, शब्द तुझे नाहीत. ‘समाजबांधव’ हा शब्द हॉस्टेलच्या दोन वर्षांत तुझ्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही.

आणि पंगतीचं लिहिलंस म्हणून. जेवू घातलं, खरंय. हात धुवायला मी मागच्या दारी गेले तेव्हा माझं एकटीचं ताट गोठ्यापाशी बाजूला काढून ठेवलेलं होतं. तू त्या दिवशी इतकी खुशीत होतीस की मला सांगवेना. आजही सांगणार नव्हते.

यापुढे पत्र पाठवू नकोस. जे विचारायचं ते तेवीसला विचार. तोपर्यंत आपली ओळख नाही.

स्नेहल

*

बिद्री,
१८ डिसेंबर

स्नेहल,

फाडू नकोस. आधी वाच, मग हवं ते कर.

समितीत माझं नाव मला न विचारता घातलं. मामंजी म्हणाले, ‘तुला काय बोलायचं न्हाय, नुसतं बसायचं. चहा आला की घ्यायचा आणि सही करायची.’ मला वाटलं, आपण आत असलो तर तुला सांभाळून घेता येईल. तुला सांगितलं असतं तर तू माझं काही ऐकलं नसतंस, म्हणून लपवलं. ताटाचं मला माहीत नव्हतं. हे लिहितानाही लाज वाटते आहे, कारण माहीत नव्हतं हेही काही मोठं सांगण्यासारखं नाही. नऊ वर्षं मीच त्या मागच्या दारी भांडी मोजून घेते.

काल संध्याकाळी मी वैरण टाकत होते तेव्हा शिवानी आली. म्हणाली, ‘काकू, पाकिटात काय असतंय? मॅडम माफी लिहून देनार हाईत व्हय?’ मी म्हटलं, द्यायलाच हवी, बोलल्यात तशा. पोरगी तिथेच खाली बसली.

‘त्या न्हाईत बोलल्या, काकू. ते माझं वाक्य हाय.’

तिला चिठ्ठी आली होती विरोध करणाऱ्या सदस्याची. मुलीला वाटा नको, तिला लग्नात दिलेलं असतं, भावाबहिणीत वितुष्ट येतं, असे मुद्दे काढून ती वाचायला उभी राहिली. निम्म्यावर थांबली. कारण हे सगळं तिने आधी ऐकलेलं होतं, आमच्याच सोप्यात, बाहेरच्या बैठकीत. आक्काताई, माझी नणंद, नवरा गेल्यावर जयसिंगपुरात लोकांचे ब्लाऊज शिवून दोन पोरं वाढवते. गेल्या वर्षी घर बांधायला दोन गुंठे मागायला आली होती. मामंजी म्हणाले, ‘हक्कसोड करून दिलीस न्हवं? तुझं साडीचोळीत फिटलं.’ शिवानी दाराआड उभी होती. वर्गात ती म्हणाली, ‘मला ह्यांची बाजू मांडाय जमनार न्हाय. आमच्यात पोरीला साडीचोळी दिली की तिची वाटणी झाली. संविधान दाराभाईर, चपलांपाशी.’

वर्गातून ते एसटीत आलं आणि बिद्रीच्या स्टँडवर उतरेपर्यंत ‘आमच्यात’चं ‘मराठ्यांच्या घरात’ झालं आणि तोंड तुझं झालं. तुझ्या तोंडी ते लोकांना लगेच पटलं. मलाही पटलं. मामंजी आपल्याच नातीच्या वाक्याविरुद्ध दारोदार सह्या घेत फिरले.

तू वर्गाला गप्प राहायला सांगितलंस हेही शिवानीने सांगितलं. माझ्या घरातली पोरगी वाचावी म्हणून तू नोकरी पणाला लावलीस आणि मी तुला माफीचा मजकूर लिहून देत होते.

ती म्हणते, आबांना, म्हणजे मामंजींना, सगळं सांगते. मी काय करू?

अनु

*

कोल्हापूर,
२० डिसेंबर

अनु,

सांगू देऊ नकोस. स्थळं बघताहेत हे तूच लिहिलं होतंस. आबांना कळलं की या पोरीची वह्या-पुस्तकं त्याच दिवशी बांधली जातील, आणि वर्गातल्या बाकीच्या पोरी पुन्हा तोंड उघडणार नाहीत. मी तिला उभं केलं, आता मीच तिला पुढे ढकलू शकत नाही.

संघर्ष परवा स्टाफरूमच्या दारात आला होता. म्हणाला, ‘मॅडम, त्यांच्या पोरीसाठी तुमी का मार खायाचा? त्यांनी कवा आपल्यासाठी खाल्लाय?’ मला फक्त एवढं माहीत आहे की माझ्या वर्गात बोलल्याबद्दल कुणाला शिक्षा झाली तर मला परत त्या फळ्यापुढे उभं राहता येणार नाही.

तेवीसला येते. विचारतील, मी गप्प राहीन. तू तुझं बघ.

स्नेहल

*

कोल्हापूर,
२६ डिसेंबर

प्रिय अनु,

त्या दिवशी तू आकारामभाऊंच्या मागून जिना उतरलीस आणि थेट जीपमध्ये बसलीस. तेव्हापासून मी मनात पत्र लिहितेय आणि खोडतेय.

बाबासो सरांनी विचारलं, ‘हे वाक्य तुम्ही वर्गात उच्चारलंत का?’ मी म्हटलं, याचं उत्तर मी देणार नाही. त्यांनी चष्मा काढला, आकारामभाऊंना सांगितलं, ‘लिहा, प्राध्यापिकेने आरोप नाकारला नाही.’ मी तुझ्याकडे बघत नव्हते. तू चहाच्या कपाकडे बघत असशील असं धरून चालले होते.

‘माझा प्रश्न राहिलाय,’ तू म्हणालीस. सर दचकलेच. तुला प्रश्न असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

तू मला विचारलंच नाहीस. त्यांना विचारलंस, ‘सर, तुमच्या बहिणींनी हक्कसोड करून दिलंय का?’

‘वैनी, हा इथला विषय न्हाय.’

‘हाच विषय हाय की. वाक्य कुणाचं ते तुम्ही शोधताय, खरं हाय का ते कुणीच बघंना. आमच्या घरात आक्काताईंनी सोडून दिलं. आजऱ्याला मी सोडायला निघालेय. आमच्यात पोरीची वाटणी साडीचोळीतच होती. मी मराठ्याच्या घरात जन्मले, मराठ्याच्या घरात दिली. वाक्य कुणाच्या तरी नावावर लिहायचंच असंल तर माझ्या लिहा. आता जातीय तेढ कुठं हाय ते दाखवा मला.’

आकारामभाऊंचं पेन वरच थांबलं होतं. ‘वैनीसाहेब, हे लिवू काय?’

‘लिहा.’

त्यांनी लिहिलं. सगळं लिहिलं, आणि वाचून दाखवल्यावर तुझ्याआधी स्वतः सही केली. सर पाणी प्यायले. तक्रार ‘पुढील विचारार्थ’ ठेवली आहे, म्हणजे कपाटात गेली. जानेवारीत मला निम्मे तास दिलेत. निम्मे का, ते कुणी सांगितलं नाही. पण मी आहे.

आता खरं सांगते. घरी येऊन मी रडले आणि ते आनंदाचं नव्हतं. हेच मी आठ वर्षं शिकवतेय. माझ्या तोंडी ते गुन्हा ठरत होतं. तू एकदा बोललीस आणि वाक्य खरं ठरलं. तू बोलल्याचा मला अभिमान वाटला, आणि तुलाच बोलावं लागलं याचा संताप आला. दोन्ही एकदम. म्हणून मी तुझे आभार मानणार नाही.

पण ‘लिहा’ म्हणालीस तेव्हा ढाल घेऊन खोलीत शिरणारी माझी अनु दिसली, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुला घरी काय सोसावं लागतंय? कळव.

तुझी,
स्नेहल

*

बिद्री,
९ जानेवारी २०२५

प्रिय स्नेहल,

आभार मानले नाहीस ते बरं केलंस. मानले असतेस तर मीच रागावले असते.

घरी म्हणशील तर मामंजींनी मला हाक मारणं सोडलंय. भाकरी हवी असली की सासूबाईंना सांगतात, सासूबाई मला सांगतात. विश्वजित पहिले दोन दिवस माझ्याशी भांडले, आता ताट घेऊन सोप्यात जेवायला बसतात. शिवानीचं नाव कुणाला कळलेलं नाही. ती रोज साडेसातची एसटी धरते आणि जाताना मुद्दाम माझ्याकडून डबा घेते, आजीकडून नाही. ताटांचंही बोलले एकदा सासूबाईंशी. त्या म्हणाल्या, ‘रीत हाय ती.’ मी त्यांच्यासमोर ते ताट आणून बाकीच्यांत मिसळून ठेवलं. आता कुठलं ते मलाही ओळखू येत नाही.

आक्काताईंचा फोन आला जयसिंगपूरहून. ‘वैनी, कोल्हापुरात साहेब लोकांम्होरं माझं नाव घेतलंसा म्हणं?’ मी घाबरतच हो म्हटलं. पलीकडे नुसतं शिलाई मशीन वाजत होतं. मग म्हणाल्या, ‘बरं केलंसा. मी काय आता मागाय येनार न्हाय. पर कुनीतरी मोठ्यानं म्हनायला पायजे हुतं.’

आणि आजऱ्याला जाऊन आले. दादाने कागद देव्हाऱ्याजवळ ठेवला होता, वर सुपारी. मी जेवले, पोरांना खाऊ दिला आणि सांगितलं, सही करणार नाही. दादाला आधी चेष्टाच वाटली. मग चेहरा उतरला. म्हणाला, ‘त्या कोल्हापूरच्या तुझ्या मैत्रिणीनं भरवलं न्हवं हे? त्या लोकांचं असंच असतंय.’

मी म्हटलं, ‘न्हाय दादा. तिनं काय भरवलं न्हाय. मला आधीपास्नंच ठावं हुतं. बोलायला उशीर झाला.’

तुझ्यावर ढकलायला तिथे किती सोपं होतं, स्नेहल. तेव्हा कळलं, तू काय सोसतेस.

दादा स्टँडवर सोडायला आला नाही. वहिनी आली. वाटेत माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिली. मला वाटलं, नवऱ्याची जमीन गेली म्हणून ही पण रागावली. एसटीने हॉर्न दिला तशी तिने खिडकीतून काजूची पिशवी माझ्या मांडीवर टाकली आणि गज धरून गाडीबरोबर चार पावलं चालत आली.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘म्हायारी माझ्याबी सहीचा कागद याच म्हयन्यात हाय. न्हाय म्हनताना आदी काय म्हनायचं असतंय?’

गाडी वळली आणि उत्तर राहून गेलं. काजू शिवानीबरोबर पाठवते आहे. वहिनीला काय सांगू ते तू कळव.

तुझी,
अनु